दहा टक्क्यांतला एकोजी

तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूपलीकडच्या कीळकुळम गावात राममूर्ती रावांची मोपेड शिरली की दोन गोष्टी एकदम होत. ज्यांची गाय माजावर आलेली असे ते "रायरे, आधी इकडे!" करत रस्त्यात आडवे येत, आणि ज्यांची सून पोटुशी असे ते तिला दंडाला धरून आत नेत आणि दार लावून घेत. रावांच्या हाताला मुलीच येतात, असा गावाचा पक्का समज होता. राव स्वतः तीन मुलींचे बाप असल्यामुळे त्या समजाला पुराव्याचीही वाण नव्हती.

राव गायींना कृत्रिम रेतन करत. तमिळमध्ये त्याला सिनै ऊसी म्हणतात, म्हणजे गाभण करणारी सुई. आणि तंजावूरकडच्या मराठी ब्राह्मणाला तिथले लोक रायर म्हणतात. म्हणून राव झाले ऊसी रायर. मोपेडच्या मागे नायट्रोजनचा थंडगार कॅन, पिशवीत खांद्यापर्यंत येणारे हातमोजे आणि कपाळाला गोपीचंदन, अशी ही स्वारी पंचवीस वर्षं त्या भागातल्या गायींच्या मागे उभी होती. त्यांच्या आईला, वेंकूबाईंना, हे कधीच पचलं नाही. "पूर्वज राजवाड्यांत मोडी दफ्तर लिहीत होते," असं त्या भेटेल त्याला सांगत, "आणि आमचा हा हात घालतो तो कोठें, तें विचारूं नका." शेतकऱ्यांनी रावांबरोबर पाठवलेलं साय धरलेलं दही मात्र त्यांना व्यवस्थित पचत असे.

चार वर्षांपूर्वी त्या कॅनमध्ये नव्या कांड्या आल्या. कांडी म्हणजे वळूचं बीज भरलेली, रिफिलएवढी नळी. नव्या कांड्यांची करामत रावांच्या धाकट्या लेकीने, हरिणीने, जेवताना समजावली. ती तंजावुरातच बायोटेक्नॉलॉजी शिकत होती आणि घरात कुणी ऐकणारं मिळालं की सोडत नसे.

"अप्पा, मशीन एकेक पेशी बघतं. मुलगी करणारी एकीकडे, मुलगा करणारी दुसरीकडे. शंभरांत नव्वद कालवडी होतात."

वेंकूबाईंचा घास हातात राहिला. "हें माणसांना करतां येत नाही कां?"

"आजी, जेलांत टाकतील."

"तुमच्या तिघींच्या आधीं यायला काय झालं होतं या मशीनला," असं पुटपुटत म्हातारीने रसम ओरपलं. नातू झाला तर त्याचं नाव तंजावूरच्या पहिल्या मराठा राजावरून एकोजी ठेवायचं, हे त्यांनी सुनेच्या पहिल्या खेपेलाच ठरवलं होतं. तिसऱ्या खेपेनंतरही ते नाव घडी न मोडलेल्या धोतरासारखं पडून होतं, आणि सूनबाई धनलक्ष्मी त्याची आठवण निघाली की भांडी जरा जोरात ठेवत असे.

गावोगाव नव्या कांडीवर उड्या पडल्या. गोऱ्हा कुणाला हवा होता? नांगर ट्रॅक्टरने खाल्ला, बैलगाडी टेंपोने खाल्ली, उरलेला गोऱ्हा नुसता वैरण खातो. कालवड झाली तर अडीच-तीन वर्षांत दुधाचा नळ सुरू. गंमत अशी की जो माणूस गोठ्यात "मुलगीच हवी हं, रायरे" म्हणून हात जोडी, तोच पडवीत येऊन हळूच विचारी, "उलटी कांडी मिळते का हो? सुनेसाठी विचारतोय." पहिल्या वेळी राव इतके भडकले, की हातमोजा न काढताच मोपेडवर बसले आणि पुढच्या गावापर्यंत तसेच गेले.

राव खोटं बोलत नसत. ते खरं अर्धं बोलत. "शंभरांत नव्वद कालवडी" हे वाक्य देवळावरच्या भोंग्यासारखं सगळ्या आळीला ऐकू जाई, आणि "दहा गोऱ्हे" हे हातमोज्याचं टोक दातात धरून, मोजा चढवता चढवता यायचं. ऐकणाऱ्याला वाटे, रायर काहीतरी मंत्र म्हणतायत. आणि झालाच एखाद्याकडे गोऱ्हा, तर रावांच्या फोनमध्ये एका दलालाचा नंबर होता. फोन गेला की आठ दिवसांत एक छोटा टेंपो येई आणि गोठा मोकळा होई. टेंपो कुठे जातो हे शेतकरी विचारत नसे, रावही विचारत नसत. अशी सगळी सोय होती.

ही सोय चिन्नय्याने मोडली. चिन्नय्या म्हणजे कीळकुळममधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. तो बोलायला लागला की पलीकडच्या बांधावरचे बगळे उडत. त्याच्या संकरित गायीला गोऱ्हा झाला. त्याने "नव्वद" ऐकलेलं होतं आणि त्याचा अर्थ त्याच्यापुरता "नक्की" असा लावलेला होता. टीव्हीत बिघाड निघाला तर माणूस काय करतो? दुकानात नेऊन देतो. चिन्नय्याने दहा दिवसांचा गोऱ्हा रिक्षा-टेंपोत घातला, पहाटेच तंजावुरात आणला, मेलवीदी रस्त्यामागच्या रावांच्या घराच्या गेटाला बांधला आणि गेटात एक चिठ्ठी खोचली: "चुकीचा माल आला. परत."

सकाळी वेंकूबाई अंगणात तांदळाच्या पिठाचं कोलम काढत होत्या. शेवटची ओळ जुळवून मागे वळून बघतात तो पहिल्या चार ओळी गायब, आणि पांढऱ्या तोंडाचं एक वासरू पाचवी चाटतंय. त्यांच्या हाकेने सगळं घर बाहेर आलं. रावांनी चिठ्ठी वाचली, कपाळाला हात लावला आणि खिशातून फोन काढला.

"कोणाला फोन?" वेंकूबाईंनी विचारलं.

"दलालाला, अम्मा. घेऊन जाईल तो."

"कोठें?"

राव नंबर शोधू लागले. "मला काय ठाऊक."

"पंचवीस वर्षं गायीच्या पोटांत काय चाललंय तें तुला ठाऊक, आणि टेंपो कोठें जातो तें ठाऊक नाही?"

फोन खिशात गेला. वेंकूबाईंनी पिठाचा हात वासराच्या तोंडापुढे धरला आणि त्याने तो मनगटापर्यंत चाटून साफ केला. तेवढ्यात त्यांचं ठरलं. "एकोजी," त्या म्हणाल्या, "ये रे राजा, आंत ये."

"अम्मा, राजाचं नांव!" धनलक्ष्मी दचकली.

"मग? राजाला गेटाला बांधून ठेवतात काय? सोड त्याला."

अशा रीतीने रावांच्या घरात मुलगा झाला. तो चार महिने पिशवीच्या दुधावर वाढला. त्यासाठी धनलक्ष्मी रोज सकाळी दुकानासमोर रांगेत उभी राहायची, आणि ओळखीच्या बायका विचारायच्या, "घरात बाळ आहे वाटतं?" ती "हो" म्हणायची आणि पुढचं सांगायची नाही. एकोजीने तिचं वाळत घातलेलं सुंगुडी लुगडं पदरापासून निऱ्यांपर्यंत चघळलं. हरिणीची 'जैवतंत्रज्ञानातली नीती' या विषयावरची असाइनमेंट खाल्ली. प्राध्यापकांचा विश्वास बसेना, म्हणून तिने व्हिडिओ नेऊन दाखवला. शेजारचे निवृत्त हेडमास्तर रोज भिंतीवरून डोकावून "हे रहिवासी क्षेत्र आहे" एवढंच म्हणायचे आणि केळीची साल टाकून जायचे. शिवाय "रायर परत घेतात" ही बातमी खेड्यांत पसरली, तेव्हा रावांना आठवडाभर फोन बंद ठेवावा लागला, नाहीतर मेलवीदीत गुरांचा बाजार भरला असता.

राव सुरुवातीला त्याच्याकडे बघतच नसत. आपली चूक रोज चार पायांवर अंगणात उभी असलेली बघायला कुणाला आवडेल? पण एकोजीला रावांचीच ओढ. दिवसभर गायींत वावरून आलेल्या त्या माणसाच्या अंगाला आईचा वास येत असावा. मोपेड वाजली की तो गेटाशी पळे आणि रावांच्या काखेत डोकं खुपसून उभा राही. महिनाभरात रावांचा हात आपोआप त्याच्या गळ्याखालची पोळी खाजवायला लागला, आणि एकदा खाजवता खाजवता त्यांना याच्यासारखे बाकीचे आठवले. त्यांच्याकडे एक वही होती. प्रत्येक सुईची तारीख, गायीच्या मालकाचं नाव, पुढे काय झालं ते. त्या संध्याकाळी त्यांनी कीळकुळमची पानं उलटली. तीन वर्षांत दोनशेच्या वर कालवडी, एकोणीस गोऱ्हे. एक समोर उभा राहून त्यांची बाही चाटत होता. उरलेल्या अठरांसाठी त्यांनी फोन केलेला होता.

त्या दिवसापासून कुणाचा "गोऱ्हा झाला" असा फोन आला की राव म्हणत, "दलालाचा नंबर हरवला." आता शेतकऱ्यांनाही दलाल ठाऊक झालाच होता, त्यामुळे टेंपो काही थांबला नाही. रावांना फक्त झोप जरा बरी लागली, आणि तेवढ्यावर ते समाधान मानत होते.

एकोजी सव्वा वर्षाचा झाला, शिंगं बोटभर आली, आणि कीळकुळममध्ये देवळाचा बैल मेला. मारियम्मन देवीच्या देवळाचा बैल म्हणजे गावाचा मोकाट मानकरी. तो कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याला हाकलायचं नाही, आणि माट्टुप्पोंगलला, म्हणजे पोंगलमधल्या गुरांच्या सणाला, पहिला हार त्याचा. त्याच्याआधी गावातल्या एकाही गुराच्या शिंगाला रंग लागत नाही. गावाने त्याला वाजतगाजत पुरलं, बायका रडल्या, आणि तेराव्या दिवशी लोक नवा बैल शोधायला निघाले. रीत कडक होती. बैल विकत आणलेला चालत नाही. याच गावातल्या गायीच्या पोटचा हवा, आणि मालकाने आपण होऊन दिलेला हवा. पोंगलला उरला होता एक महिना. गोठ्यागोठ्यांतून फिरले. कालवडी, कालवडी, कालवडी. अख्ख्या गावात एक गोऱ्हा नाही.

वडाखाली सभा बसली आणि रावांना बोलावणं गेलं. राव पोचले तेव्हा चिन्नय्याचा आवाज तापलेला होता. "मशीनने आपलं बी बुडवलं! नव्वद नव्वद म्हणून या रायराने गावातले नर संपवले! आजपासून याची सुई गावात नको!" माना डोलल्या. ज्यांनी ज्यांनी टेंपोत गोऱ्हा चढवला होता, त्यांच्या माना जरा जास्तच डोलल्या.

राव उभे राहिले. अर्धं पोट या एका गावावर चालत होतं. "मशीन कसं संपवील? दहा टक्के होतात. झाले होते," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि समोरचे शंभर चेहरे बघून निम्म्यातच गिळलं. पंचवीस वर्षांची सवय, एका दुपारीत कशी जाणार. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: "एक आहे. याच गावातला. माझ्या घरी."

"कुणाच्या गायीचा?" पूजाऱ्याने विचारलं.

रावांनी चिन्नय्याकडे बघितलं. गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच चिन्नय्याला आवाज सापडेना. मग एकदम सगळ्यांनाच सापडला. देवीची लीला! रायरांच्या हातून देवीनेच राखला! पाच मिनिटांपूर्वी हद्दपार होणाऱ्या रावांना कुणीतरी नारळपाणी आणून दिलं, आणि त्यांनी ते मुकाट्याने प्यायलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दोन टेंपो भरून गाव मेलवीदीत उतरलं. तप्पूचा डफ वाजत होता, ताटात हळद-कुंकू होतं, रेशमी काठाचं वस्त्र होतं, आणि सर्वांत पुढे हातभर जाड झेंडूचा हार घेऊन, जणू स्वतःच्या मुलाच्या लग्नाला आल्यासारखा, चिन्नय्या होता. शेजारचे हेडमास्तर भिंतीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. रावांनी गेट उघडायला हात घातला, तो कडीवर वेंकूबाईंचा हात पडला.

"कोण पाहिजे?"

"एकोजी पाहिजे, आज्जी," पूजारी नम्रपणे म्हणाला. "देवीला पाहिजे."

"देवीला देईन. देवीला कोण नाही म्हणतो?" वेंकूबाईंची तमिळ गावातल्या कुणाहूनही स्वच्छ होती, आणि त्या भाषेत त्या भांडायच्या तेव्हा लोक उभे राहून ऐकायचे. "पण मला एक सांगा. माझी नात म्हणते शंभरांत दहा गोऱ्हे होतात. तुमच्या गांवांत कालवडी मोप आहेत, मी ऐकलं. मग याचे भाऊ कोठें आहेत?"

तप्पू थांबला. कुणी चप्पल बघू लागलं, कुणी ताटातलं कुंकू सारखं करू लागलं. चिन्नय्या म्हणाला, "मशीन—" आणि म्हातारीने नुसतं बघितलं तसा गप्प झाला. मग एकेक करत सगळ्यांचे डोळे रावांकडे वळले. रायर सांभाळून घेतील. रायर नेहमीच घेतात.

राव आत गेले आणि वही घेऊन बाहेर आले. वही त्यांनी गेटावर टेकवली.

"करुप्पायी," त्यांनी शेवटच्या फोनपासून उलटं वाचायला सुरुवात केली. "चित्रै महिना. लाल गाय. गोऱ्हा. फोन मी केला." पान उलटलं. "मुनियांडी. आडी महिना. काळी गाय. गोऱ्हा. फोन मी केला. सेल्वराज. त्याच महिन्यांत दोन. दोन्ही फोन मी केले."

अठरा वाचून व्हायला बराच वेळ लागला. मेलवीदीतून टाउन बस हॉर्न वाजवत गेली तेवढाच आवाज. प्रत्येक नावाला गर्दीतली एक मान खाली जात होती, आणि प्रत्येक "फोन मी केला"ला रावांची. शेवटी त्यांनी वही मिटली. "मशीनने कुणाला संपवलं नाही," ते म्हणाले. "दहा होतात हें मी तुम्हांला नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही सुई घेतली नसती, अशी मला भीती होती. आतां घ्या किंवा सोडा." घामाने गोपीचंदन नाकावर ओघळलं होतं, आणि त्या क्षणी ते इतके केविलवाणे दिसत होते, की धनलक्ष्मीला रडू फुटलं.

गर्दीतून करुप्पायी पुढे आली. साठीची, एका गायीवर संसार ओढणारी बाई. ती गेटाच्या सळ्यांतून हात घालून एकोजीच्या कपाळावरून, शिंगांवरून, पाठीवरून हात फिरवत राहिली. "माझा याच्याहून चार महिन्यांनी मोठा," ती म्हणाली. "शिंगं आणखी एवढी आली असती." आणि तिने दोन बोटांनी हवेत माप दाखवलं.

त्यावर बोलण्याचं काम शेवटी एकोजीने केलं. इतका वेळ त्याच्या नाकासमोर धरलेला झेंडूचा हार त्याने चिन्नय्याच्या हातातून ओढला आणि खायला सुरुवात केली. चिन्नय्या एक टोक धरून ओढतोय, एकोजी दुसरं टोक धरून चघळतोय, असं चाललं असता गर्दीत कुणाला तरी हसू आलं, मग सगळ्यांनाच आलं, डोळे पुसता पुसता आलं. वेंकूबाईंनी कडी काढली. दाव्याचं टोक त्यांनी चिन्नय्याच्या हातात दिलं नाही, पूजाऱ्याच्याही नाही. करुप्पायीच्या हातात दिलं.

"तूं घेऊन जा," त्या म्हणाल्या. "रात्रीं त्याला मान खाजवून लागते. नाही तर ओरडतो." आणि टेंपो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती जहाल म्हातारी गेटाला धरून, लपवाछपवी न करता, मोठ्याने रडली. रावांनी तिला आत नेलं. वाटेत तिने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तोच हात तिथेच ठेवला.

पोंगलनंतर तीन आठवडे कीळकुळममधून एकही फोन आला नाही. रावांनी दुसऱ्या गावांत नव्या पद्धतीने सुई द्यायला सुरुवात केली. कॅन उघडायच्या आधी समोरासमोर उभं राहून सांगायचं आणि विचारायचं. निम्मे लोक ऐकून म्हणायचे, "बघतो, मग कळवतो," आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचे. हरिणी म्हणाली, "अप्पा, याला संमती घेणं म्हणतात." राव म्हणाले, "याला उपाशी मरणं म्हणतात," पण विचारायचं काही त्यांनी सोडलं नाही.

चौथ्या आठवड्यात करुप्पायीचा फोन आला. गाय माजावर होती. राव गेले, मोपेड लावली आणि गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"नव्वद कालवडी, दहा गोऱ्हे. गोऱ्हा झाला तर काय करशील?"

करुप्पायीने गायीच्या पाठीवरून हात फिरवला. "मला दोन गुरांची वैरण परवडत नाही, रायरे," ती म्हणाली. "पण ठेवीन. कसं ठेवीन ते विचारू नका." मग म्हणाली, "तुम्ही आधी विचारत नव्हता तेच बरं होतं. आता सुई घ्यायचीसुद्धा भीती वाटते."

"मलाही वाटते," राव म्हणाले, आणि त्यांनी गोठलेली कांडी वितळायला कोमट पाण्यात सोडली.